बॅनरवर न लिहिलेले वचन: मेळघाटातील एका बालसेवेचा प्रकरण अभ्यास

येथे मांडलेला प्रसंग अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातील एका कोरकू वस्तीत घडला. वस्तीचे, मंडळीचे (म्हणजे चर्चचे) किंवा कोणत्याही व्यक्तीचे नाव मी देत नाही, कारण ज्या कुटुंबांविषयी लिहायचे आहे त्यांनी आधीच पुरेसा त्रास सोसला आहे. त्या काळात परतवाड्याकडच्या एका मंडळीच्या शब्बाथ शाळेची, म्हणजे मुलांच्या बायबल वर्गाची, जबाबदारी माझ्याकडे होती आणि पुढे सांगितलेले बहुतेक निर्णय, चुकीचे ठरलेलेसुद्धा, माझ्या संमतीने झाले होते. दुर्गम भागात मुलांमध्ये सेवा करणाऱ्या इतर मंडळ्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा, म्हणून तो आहे तसा लिहिते आहे.

परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह आणि हरिसालवरून धारणीकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत गेले की ही वस्ती लागते. शेवटचा टप्पा पायी जावे लागते आणि पावसाळ्यात सिपना नदीला मिळणारा एक नाला भरला की तीन-तीन दिवस कोणी आत जात नाही व बाहेर येत नाही. घरे पंचेचाळीसच्या आसपास असून त्यांपैकी तीन विश्वासी, म्हणजे ख्रिस्ती, कुटुंबांची आहेत. कोरकू भाषेत ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कोरकू’ म्हणजे माणसे. ही भाषा मराठीच्या किंवा गोंडीच्या कुळातली नसून मुंडा कुळातली आहे, आणि हे केवळ माहितीसाठी सांगत नाही. वस्तीतील मूल घरात कोरकू बोलते, बाजारात आणि परक्या माणसाशी हिंदी बोलते, आणि मराठी त्याला भेटते ती शाळेच्या पुस्तकात. आमची गाणी, आमच्या वह्या आणि पाठांतराची वचने सगळी मराठीत होती. म्हणजे आम्ही ज्या भाषेत देवाच्या प्रेमाविषयी सांगत होतो, ती त्या मुलांची तिसरी भाषा होती, आणि हे आमच्या लक्षात यायला बराच काळ लागला.

सुरुवातीला कोणाचा विरोध नव्हता. वस्तीतील वृद्धांना मिशन हा शब्द परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यामुळे माहीत होता आणि त्या शब्दाभोवती कृतज्ञता होती. आम्ही त्या कृतज्ञतेवर विसंबून कामाला लागलो. ती आमच्या पूर्वीच्या लोकांनी जखमा धुऊन मिळवलेली होती, आमची स्वतःची नव्हती.

पहिल्या वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पाच दिवसांची उन्हाळी बायबल शाळा घेण्याचे ठरले. जिल्हा परिषद शाळेच्या गुरुजींनी सुट्टी असल्याने भल्या मनाने व्हरांडा वापरू दिला. सकाळी आठ ते बारा अशी वेळ ठेवली, कारण छापील साहित्यात तीच वेळ होती आणि शहरातल्या मंडळीत ती सोयीची ठरते. व्हरांड्यावर बायबलमधील मार्क 10:14 चे ‘बालकांना माझ्याजवळ येऊ द्या’ हे वचन लिहिलेले मोठे बॅनर लावले. गाणी, हावभाव, गोष्ट, चित्र रंगवणे, खाऊ असा क्रम होता. पाचही दिवस येणाऱ्या आणि पाच वचने पाठ म्हणून दाखवणाऱ्या प्रत्येक मुलाला शेवटच्या दिवशी दप्तर मिळेल, असे पहिल्याच दिवशी जाहीर केले. पहिल्या दिवशी बावीस मुले होती आणि शेवटच्या दिवशी शेजारच्या दोन वस्त्यांतलीही धरून एकसष्ट झाली. त्या एकसष्ट मुलांचा बॅनरखालचा फोटो आम्ही ज्यांनी वर्गणी दिली होती त्या सर्वांना पाठवला, आणि सर्वांनी देवाचे आभार मानले. मीही मानले होते.

पावसाळा सुरू झाल्यावर साप्ताहिक वर्गासाठी गेलो तेव्हा सात मुले आली. त्यातली पाच त्या तीन विश्वासी घरांतली होती. कारण विचारले तर कोणी स्पष्ट सांगेना. पुढच्या भेटीत मात्र पोलीस पाटील आणि वस्तीतील जुनी माणसे झाडाखाली बसली होती आणि त्यांनी आम्हाला बोलावून घेतले. त्यांच्यातले सर्वांत वृद्ध आजोबा फार हळू आवाजात म्हणाले, “बच्चों को बुलाया, हमको नहीं बुलाया.” नंतरच्या तासभरात पुष्कळ काही बोलले गेले, पण सगळ्याचे मूळ त्या एका वाक्यात होते.

तक्रारी निरनिराळ्या होत्या. सात-आठ मुलांना दप्तरे मिळाली नव्हती, कारण ती पहाटे आईवडिलांबरोबर मोहाची फुले वेचायला जात आणि त्यांचे दोन-तीन दिवस चुकले होते. जी मुले घरासाठी सर्वांत जास्त राबत होती तीच रिकाम्या हाताने परतली होती, आणि आमच्या नियमानुसार ते योग्य होते. गुरुजींना शाळेची जागा दिल्याबद्दल वरून विचारणा झाली होती. आमच्यासाठी उपकार करणाऱ्या माणसाची नोकरी आम्ही अडचणीत आणली होती. तिसरी तक्रार मात्र मला आजही झोपू देत नाही. आमच्या एका तरुण स्वयंसेवकाने उत्साहाच्या भरात मुलांना सांगितले होते की मूर्तीपुढे वाकणे पाप आहे. सात वर्षांच्या एका मुलाने ते मनावर घेतले आणि पेरणीच्या आधी वस्ती आपल्या गावदेवाच्या, मुठवा देवाच्या, ओट्यापाशी जमली तेव्हा आजोबांचा हात सोडून तो मागे उभा राहिला. घरात भांडण झाले, मूल मार खाऊन रात्रभर रडले. झाडाखाली बोलणारे वृद्ध त्याच मुलाचे आजोबा होते.

मी ख्रिस्ती आहे आणि एकच देव आहे असे मानते. त्यात मला काही लपवायचे नाही. परंतु सात वर्षांच्या मुलाला त्याच्या आजोबांच्या आणि आमच्या मध्ये उभे करून निवड करायला लावणे हे सुवार्तेचे काम नव्हते. प्रौढ माणूस विचार करून, किंमत मोजून एखादी वाट धरतो. त्या मुलाला किंमत काय असते हे माहीतच नव्हते, आणि ती त्याच्याकडून आम्ही घेतली.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगते, कारण अनेक मंडळ्यांत त्याविषयी अर्धवट माहिती असते. संविधानाच्या अनुच्छेद 25 प्रमाणे धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून प्रत्येकाला आहे. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस प्रकरणात स्पष्ट केले की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची शिकवण समजावून सांगणे, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा तो मूलभूत अधिकार नव्हे. अनुच्छेद 28 नुसार पूर्णपणे राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शैक्षणिक संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि राज्याची मान्यता किंवा मदत असलेल्या अन्य संस्थांतही अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय अशा शिक्षणात बसवता येत नाही. सुट्टी आहे, वर्ग भरलेला नाही, असे युक्तिवाद करत बसण्यापेक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेचा उंबरा ओलांडूच नये, हे माझे मत आता पक्के आहे. शिवाय धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके संविधानाने आदिवासी भागांसाठी ठरवलेल्या अनुसूचित क्षेत्रात मोडतात. तेथे ग्रामसभेला विशेष स्थान आहे आणि तिला अंधारात ठेवून कोणतेही काम उभे राहत नाही.

तरीही आम्हाला थांबवले ते कायद्याने नाही. त्या रात्री परतल्यावर आमच्या पाळकसाहेबांनी मार्कचा दहावा अध्याय वाचायला घेतला आणि बॅनरवरच्या चौदाव्या वचनाच्या आधी तेरावे वाचले. येशूने मुलांना स्पर्श करावा म्हणून लोक त्यांना त्याच्याकडे आणत होते, असे तिथे लिहिले आहे. शिष्य दटावतात ते या आणणाऱ्यांना. मुले आपोआप आली नव्हती, दप्तरासाठी आली नव्हती, कोणीतरी घरच्या माणसाने त्यांना कडेवर घेऊन, हाताला धरून आणले होते. आम्ही वर्षानुवर्षे ते एक वचन कापून घेऊन कापडावर छापत होतो आणि ज्या हातांनी मुले आणली त्या हातांची आम्हाला कधी आठवण झाली नव्हती.

आम्ही वर्ग बंद केला. पावसाळा संपेपर्यंत आणि नंतर दिवाळीपर्यंत एकही धडा घ्यायचा नाही, फक्त घरोघर जायचे असे ठरले. दोघीजणी दर पंधरा दिवसांनी जात असू. सोबत वस्तीतलीच, बारावीपर्यंत शिकलेली एक विश्वासी ताई असे, आणि बोलणे तीच करी. पहिल्या भेटींत आम्ही माफी मागितली. आजोबांच्या घरी गेलो तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी बाज पुढे सरकवली.

या भेटींत आम्हाला त्या वस्तीचे खरे वेळापत्रक कळले. सहावीसातवीतली पुष्कळ मुले आश्रमशाळेत राहतात आणि दिवाळी व उन्हाळा सोडल्यास घरी नसतात. दिवाळीनंतर अनेक घरे कापूस वेचायला आणि पुढे हरभरा काढायला खालच्या मुलखात जातात व होळीला परततात, कारण होळी हा कोरकूंचा सर्वांत मोठा सण आहे. होळीनंतर मोह. मोहाची फुले पहाटे गळतात, अस्वलालाही ती आवडतात, म्हणून माणसे घोळक्याने जातात आणि मुले टोपल्यांपाशी राखण करतात. मोह सरला की मे महिन्यात तेंदूपत्ता सुरू होतो. आम्ही पहिल्या वर्षी निवडलेला एप्रिलचा पहिला आठवडा आणि सकाळचे आठ हा त्या वस्तीच्या वर्षातला सर्वांत अयोग्य काळ होता. हे समजायला कोणत्याही पाहणीची गरज नव्हती. एखाद्या आईला विचारले असते तरी कळले असते. रॉबर्ट रेक्स यांनी 1780 साली इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रविवार शाळा सुरू केली तेव्हा रविवार निवडण्याचे कारणच हे होते की उरलेले सहा दिवस ती मुले कामावर असत. मुलांच्या कष्टांभोवती वेळ आखणे ही या सेवेची जन्मखूण आहे, आणि आम्ही ती छापील वेळापत्रकासाठी पुसून टाकली होती.

संमती कशी घ्यायची हा प्रश्न वाटला त्यापेक्षा अवघड निघाला. मी उत्साहाने एक छापील अर्ज तयार करून नेला होता. ताईने तो पाहिला आणि बाजूला ठेवून दिला. कागदावर अंगठा दिला की काहीतरी जाते, हे या लोकांना वाडवडिलांपासून माहीत आहे, असे तिने समजावले. त्यामुळे अर्ज रद्द झाला. त्याऐवजी प्रत्येक घरी जाऊन आईवडील आणि आजीआजोबा समोर असताना आम्ही कोण आहोत, कोणती गोष्ट सांगणार आहोत आणि मूल आले नाही तरी आमच्या वागण्यात फरक पडणार नाही, हे कोरकूत सांगायचे असे ठरले. घर हो म्हणाले तरच मुलाचे नाव वहीत लिहायचे, आणि ती वही वस्तीतच ताईकडे राहील. वस्तीच्या मूर्ती, देव, पूजा यांविषयी मुलांसमोर एक शब्दही काढायचा नाही हा नियम सर्व स्वयंसेवकांकडून वदवून घेतला. ज्या तरुणाच्या बोलण्यातून तो प्रसंग घडला होता त्याने स्वतः तो सर्वांपुढे वाचला.

सर्वांत जास्त वाद झाला तो खाण्यावरून. मेळघाटात कुपोषण आहे आणि पावसाळ्यात ते वाढते. मुलाचे हात पाहिले तरी कळते. अशा ठिकाणी भुकेल्या मुलासमोर खाऊ न नेता केवळ गोष्ट घेऊन जाणे मला निष्ठुरपणाचे वाटते. पण त्याच भुकेमुळे खाऊ हे आमिष होते, आपला हेतू तसा असो किंवा नसो. मंडळीतल्या काहींचे म्हणणे होते की खाणे पूर्ण बंद करावे, म्हणजे कोणी बोट दाखवणार नाही. काहींना वाटे की लोकांच्या बोलण्याला घाबरून मुलांच्या तोंडचा घास काढू नये. दोन्ही बाजूंनी मनापासून बोलणारी माणसे होती. योहानाचा सहावा अध्याय वारंवार निघे: येशूने पाच हजारांना जेवू घातले तेव्हा जेवणाऱ्यांना आधी काही विचारले नाही, आणि दुसऱ्या दिवशी लोक मागे आले तेव्हा तुम्ही भाकरी खाऊन तृप्त झालात म्हणून मला शोधता, असे त्यांना स्पष्टपणे सांगितले. त्याला दोन्ही ठाऊक होते, भूकही आणि भुकेमुळे येणारी गर्दीही.

शेवटी तोडगा ताईच्या आईने सुचवला. तिने विचारले की तुम्ही जेवण गोष्टीनंतर का देता. आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हते. त्या दिवसापासून क्रम उलटा झाला. वस्तीतल्याच दोन-तीन बाया ज्वारीच्या भाकरी आणि डाळ करतात, त्यांना त्याची मजुरी दिली जाते, आणि वस्तीतले जे मूल येईल ते, वहीत नाव असो वा नसो, आधी पोटभर जेवते. जेवणानंतर अर्धा तास मोकळा ठेवतो, ज्याला घरी जायचे आहे ते जाते. त्यानंतर उरलेल्या मुलांसाठी गोष्ट. बक्षिसे, दप्तरे, पाठांतराचे गुण हे सारे संपले. शाळेसाठी कोणाला वह्या द्यायच्या असतील तर मंडळी त्या शाळेकडे देते आणि गुरुजी सर्व मुलांना सारख्या वाटतात, त्यावर आमचे नाव किंवा वचन नसते.

असे केल्याने गर्दी कमी होणार हे उघड होते आणि ती कमी झाली. दुसऱ्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस, मोह सरत आल्यावर आणि तेंदूपत्ता सुरू होण्याआधी, संध्याकाळी साडेचार ते साडेसहा असा पाच दिवसांचा कार्यक्रम झाला. जनावरांच्या भीतीने अंधार पडण्याआधी सगळे घरी पोहोचले पाहिजेत, म्हणून त्याहून उशीर चालत नाही. जेवायला चाळीसच्या पुढे मुले असत. गोष्टीला एकोणीस राहिली. वर्गणीदारांना मी एकोणीस लिहून पाठवले आणि आदल्या वर्षीचे एकसष्ट कसे जमले होते तेही लिहिले. दोघांनी वर्गणी थांबवली. त्यांचा मला राग नाही, पण एकसष्टच्या फोटोपेक्षा मला एकोणीस मुलांची ती वही जास्त खरी वाटते, कारण त्यातल्या प्रत्येक नावामागे एक घर उभे आहे.

वर्गाची रचनाही आपोआप बदलली. साहित्यात वयानुसार तीन गट होते, पण दहा वर्षांची मुलगी कडेवर भावाला घेऊन येते तेव्हा तिला एका गटात आणि त्याला दुसऱ्या गटात कसे बसवणार? आता सगळी एकत्र बसतात आणि तान्ह्यांना सांभाळायला दोन आज्या येतात. त्या आज्याही गोष्ट ऐकतात, घरी जाऊन सांगतात, आणि काही चुकीचे वाटले तर आम्हाला तिथेच थांबवतात. मराठी गाण्यांऐवजी ढोल आणि बासरी आली. कवी नारायण वामन टिळक यांनी 1895 मध्ये ख्रिस्ती झाल्यानंतर परक्या चालींऐवजी अभंग आणि भजनांतून मराठी माणसाला ख्रिस्त गाता येईल असे केले; त्यांच्या मराठीचा मला मोठा अभिमान आहे, परंतु त्यांचा धडा नीट घ्यायचा तर कोरकू वस्तीत मराठी भजनही बाहेरचेच ठरते, हे मान्य करावे लागते.

कोरकूत सांगितलेली पहिली गोष्ट हरवलेल्या मेंढराची होती. मेंढरू तेथे ओळखीचे नाही, म्हणून ताईने बकरी घेतली: शंभर बकऱ्या, त्यातली एक संध्याकाळी परतली नाही, आणि गुराखी नव्याण्णव सोडून तिला शोधायला जंगलात गेला. आम्ही ही गोष्ट शेकडो वेळा सांगितली असेल. त्या दिवशी एका मुलाने मध्येच विचारले की वाघ आला तर नव्याण्णवांना कोण राखेल. ज्या वस्तीत वाघाने गुरे नेलेली आहेत तेथे हा प्रश्न खराच होता. ताईने घाईने उत्तर दिले नाही. तिने मुलांनाच विचारले की तुमच्या घरी काय करतात. मुलांनी सांगितले की बाप शोधायला जातो तेव्हा इतर बकऱ्या काका आपल्या गोठ्यात घेतो. मग त्या गोष्टीत काका आला, शेजारी आला, आणि बकरी सापडल्यावर मित्रांना व शेजाऱ्यांना बोलावून केलेला आनंद, जो लूकच्या पंधराव्या अध्यायात आहेच, प्रथमच आम्हाला नीट कळला.

सुरक्षिततेचे नियम वेगळे लिहिण्याइतके नवीन नाहीत, पण ते नसतील तर बाकी सर्व व्यर्थ आहे. एकटा मोठा माणूस मुलांबरोबर कधीही राहत नाही, निदान दोघे असतात आणि त्यातली एक स्त्री असते. मुलांना आमच्या गाडीत बसवत नाही, मुक्कामाला नेत नाही, त्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकत नाही. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची माहिती मिळाली किंवा तसा संशय आला तर 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे आणि मंडळीत मिटवण्याचा प्रश्नच येत नाही, हे प्रत्येक स्वयंसेवकाला 1098 या बालमदत क्रमांकासह सांगितलेले असते.

ज्याच्यामुळे हे सगळे बदलले त्या मुलाविषयी सांगायचे राहिले आहे. त्याचे आजोबा आता आमच्याशी बोलतात, बाजेवर बसवतात, पण नातवाला गोष्टीला पाठवायला त्यांनी नकार दिला आणि वडिलांनीही तेच सांगितले. दुसऱ्या वर्षी पहिल्या संध्याकाळी तो जेवला, ताट धुतले आणि घरी न जाता कुंपणाबाहेरच्या मोहाखाली उभा राहून ऐकू लागला. तरुण स्वयंसेवकांना वाटले की तो स्वतःहून आला आहे, त्याला आत घ्यावे. लहान मुलाला हाकलायचे का, असे एकीने रडत विचारले. माझे मनही तेच म्हणत होते. पण त्याच्या घराने नाही म्हटले होते आणि आम्ही त्या घराला शब्द दिला होता. मी उठून त्याच्याजवळ गेले आणि त्याचा हात धरून त्याला घरापर्यंत पोहोचवले. वाटेत त्याने बकरी सापडली का एवढेच विचारले. मी सांगितले की सापडली. दारात आजोबा होते. कोठून आणलेस म्हणून त्यांनी विचारले आणि मी जे घडले ते सांगितले, बकरीचा प्रश्नसुद्धा.

त्यांनी परवानगी दिलेली नाही. तो अजूनही जेवायला येतो, ताट धुतो आणि मोकळ्या अर्ध्या तासात इतरांबरोबर खेळून घरी जातो. या वर्षीच्या कार्यक्रमाच्या तारखा अजून ठरायच्या आहेत. मोह कधी सरेल ते वस्तीतल्या आया सांगतील, त्यानंतर आम्ही निघू.